वजनाच्या ऑपरेशननंतरचं दुसरं वर्ष

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, की वर्षभरानं त्या घरात दोनपैकी एक काळजी हमखास सुरू होते. काटा थांबला असेल तर पेशंट विचारतो, "आता उतरायचं बंद का झालं? पैसे वाया गेले का?" आणि काटा अजून उतरत असेल तर घरचे विचारतात, "आता हे थांबणार कधी? गालफडं पार बसली की!" गावाकडे दुसरी काळजी जास्त जोरात असते. जाड माणूस बारीक झालेला दिसला की आपल्याकडे कौतुकाआधी चौकशी होते: शुगर निघाली का, काही दुखणं लपवतोय का. ही चौकशी अगदीच अडाणीपणाची नसते, ते पुढे येईलच.

दोन्ही काळज्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. ऑपरेशन एका दिवसात उरकतं, मग वजन वर्ष-दीड वर्ष का उतरत राहतं? आणि एवढं उतरत होतं, तर मग थांबतं का?

महाराष्ट्रात या ऑपरेशनचं सर्वांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे नितीन गडकरी. भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनच्या जाहीर कार्यक्रमात त्यांनी स्वतःच सांगितलं, की आपलं वजन एके काळी १३५ किलो होतं, आता ९३ आहे. तिथल्या खासदारांना त्यांनी त्याच भाषणात आव्हान दिलं होतं: वजन उतरवा, किलोमागे हजार कोटींचा निधी देतो. लोकांच्या लक्षात हजार कोटी राहिले. मला त्या भाषणातला ९३ हा आकडा जास्त मोलाचा वाटतो, कारण तो ऑपरेशननंतर दहा वर्षांनी सांगितलेला आहे. त्यात ऑपरेशनचा वाटा किती आणि व्यायामाचा, खाण्याच्या शिस्तीचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. बहुतेक पेशंटांच्या बाबतीत ते काढता येतच नाही.

मुळा धरणाचा हिशेब

नगर जिल्ह्यातल्या माणसाला धरणाचा हिशेब शिकवावा लागत नाही. मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी, आज साठा किती, आवक किती, विसर्ग किती, हे इथे चहाच्या टपरीवरही चालतं. शरीरातली चरबी म्हणजे असाच साठा. खाणं ही आवक, आणि दिवसभरात खर्च होणारी ऊर्जा हा विसर्ग. पण धरणातून पाणी जाण्याची आणखी एक वाट आहे, ती म्हणजे बाष्पीभवन. धरण तुडुंब असतं तेव्हा पाण्याचा पसारा मोठा, म्हणून वाफ होऊन जाणारं पाणीही जास्त. साठा खाली गेला की पसारा आक्रसतो आणि बाष्पीभवन आपोआप घटतं. गेटला कुणी हात लावलेला नसतो.

जड शरीराचंही तसंच आहे. १२० किलोचं शरीर नुसतं बसलं तरी जास्त ऊर्जा खातं, कारण एवढ्या पसाऱ्याला रक्त पुरवायचं, तो उचलून चालायचं. वजन उतरलं की तो खर्च उतरतो.

समजण्यापुरते आकडे घेऊ. ऑपरेशनच्या वेळी १२० किलो असलेल्या माणसाचा दिवसाचा खर्च २४०० कॅलरी धरा. पहिल्या महिन्यात पातळ खाण्यातून जेमतेम ७०० पोटात जातात. रोजची तूट १७०० ची. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे रोज सव्वादोनशे ग्रॅम आणि महिन्याला साडेसहा किलो चरबी गेली. काटा त्याहूनही जास्त दाखवतो, कारण यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते आणि तिनं धरून ठेवलेलं पाणीही जातं. पहिल्या महिन्याचा हा आकडा जाहिरातींच्या फलकांवर झळकतो. त्यातला किती भाग पाण्याचा होता, हे फलक सांगत नाही.

वर्षभरानं तोच माणूस ८४ किलोचा झाला. खर्च १७५० पर्यंत उतरला. पोट सरावलं, चावून खाता येऊ लागलं, खाणं १४०० वर आलं. तूट उरली ३५०. म्हणजे महिन्याला जेमतेम दीड किलो. आणखी सहा महिन्यांनी दोन्ही आकडे भेटतात आणि काटा थांबतो. इथे काहीही बिघडलेलं नाही. तूट दोन्ही बाजूंनी बुजत गेली, एवढंच.

म्हणून वर्षानंतरही महिन्याला किलो-दीड किलो उतरत असेल, तर ते अपेक्षितच आहे. बहुतेकांचं वजन १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान तळाला टेकतं, काहींचं दोन वर्षांपर्यंत उतरत राहतं. सुरुवातीचं वजन जितकं जास्त, तितका हा उतार सहसा लांबतो. शेजारच्या पेशंटशी तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नाही. तिचं ऑपरेशन ९५ किलोवर झालं असेल आणि तुमचं १४० वर. रोज सकाळी काट्यावर चढण्यातही अर्थ नाही. पाणी, मीठ, पाळी, पोट साफ होणं एवढ्यानंही किलो-दोन किलो इकडचे तिकडे होतात. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन केलं की पुरे.

नुसतं पोट लहान होत नाही

पण मग डाएटवाल्यांना असं वजन उतरवणं का साधत नाही? तेही कमी खातात, त्यांचीही तूट पडते. उत्तर गेटवर बसलेल्या इंजिनिअरकडे, म्हणजे मेंदूकडे आहे. साठा कमी होतोय असं दिसताच तो दोन गोष्टी करतो: भूक वाढवतो आणि खर्च कापतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचा निरोप मेंदूला पाठवत असतात. चरबी घटली की हा निरोप मंदावतो आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागू लागतो. हजारो वर्षं माणसाला खऱ्या दुष्काळांतून यानंच तारलं. आता तोच गुण आड येतो.

ऑपरेशननं हा निरोपांचा खेळ बदलतो. आपल्याकडे प्रामुख्यानं दोन प्रकार होतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा बाहेरच्या बाजूचा फुगीर भाग, सुमारे तीन चतुर्थांशाहून जास्त, कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी उरते. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाची वाटीहून लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. बायपासची कल्पना अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात मांडली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं आणि उतरलेलंच राहतं, हे तेव्हाच्या डॉक्टरांना दिसत होतं.

बराच काळ समज असा होता, की पिशवी लहान म्हणून खाणं कमी. पुढे यातली खरी गोम कळली. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारं रसायन, जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठराच्या त्याच फुगीर भागात तयार होतं, जो स्लीव्हमध्ये काढला जातो. २००२ मध्ये डेव्हिड कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं, की डाएटनं १७ टक्के वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तातलं घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलं होतं, म्हणजे शरीर भुकेची हाकाटी करत होतं. बायपास झालेल्यांचं वजन त्याहून कितीतरी जास्त उतरलेलं, पण घ्रेलिन मात्र खाली होतं. बायपासनंतरच्या घ्रेलिनबद्दल पुढच्या अभ्यासांत सगळ्यांचं एकमत झालं नाही. दुसऱ्या एका गोष्टीवर ते आहे: ऑपरेशननंतर अन्न लहान आतड्यात लवकर पोहोचतं आणि तिथून 'पोट भरलं' असं सांगणारी संप्रेरकं, त्यातलं एक जीएलपी-१, जोरात सुटतात. सध्या गाजत असलेली वजनाची इंजेक्शनं याच जीएलपी-१ ची नक्कल करतात.

थोडक्यात, इंजिनिअरच्या वहीतली 'किमान साठा' ही ओळच खाली सरकते. म्हणून वर्षानंतर वजन नव्या पातळीला थांबलं तरी भूक पूर्वीसारखी खवळत नाही. हे जपण्याचे दिवस आहेत, कारण ही सवलत पुढच्या काही वर्षांत थोडी थोडी कमी होत जाते.

किती उतरलं, की काय उतरलं?

इथे काटा अपुरा पडतो. उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून स्नायूंसारख्या ऊतींचा असतो. आपल्या माणसांना हा हिशेब जास्त महाग पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघे शेजारी उभे, दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार अशी ही आपली ठेवण याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांपासून दाखवून दिली. २०२२ मध्ये वजनाचं ऑपरेशन करणाऱ्या शल्यविशारदांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ऑपरेशनचा विचार २७.५ या इंडेक्सपासून करावा असं म्हटलं, त्यामागेही हीच गोष्ट आहे.

स्नायूंची पुंजी मुळातच कमी, त्यात वर्षभर तूट, आणि त्यात प्रथिनं कमी. असा माणूस दुसऱ्या वर्षी काट्यावर खूश असतो, पण जिना चढताना कठडा धरतो. स्नायू गेले की खर्चही घटतो, म्हणजे पुढे वजन वाढायला वाटही मोकळी होते.

ऑपरेशननंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्या ताटात ती सहज येत नाहीत. एका भाकरीतून सहा-सात ग्रॅम, वाटीभर वरणातून पाच-सहा, एका अंड्यातून सहा. आणि पोटात जागा तर दीड वाटीची. म्हणून क्रम बदलावा लागतो: आधी प्रथिन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. ज्या जिल्ह्यात भाकरी आधी आणि कोरड्यास काय ते नंतर विचारतात, तिथे हे अवघड आहे हे मान्य.

पण इथल्या स्वयंपाकघरात वाटाही आहेत. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे रश्शात मऊ शिजतात, उतरतातही नीट, आणि हुलग्यात प्रथिनं भरपूर. मोड आलेली मटकी, पिठलं, उकडलेली अंडी, चिकनचा मऊ शिजवलेला तुकडा. जिल्हा दुधाचा, तेव्हा पनीर आणि घट्ट दही हाताशी आहे. १०० ग्रॅम पनीर म्हणजे १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिन. बायपासनंतर काहींना दुधानं पोट गुरगुरतं, त्यांना दही सोसतं. शेंगदाण्याच्या कुटाचं मात्र जपून. त्यात प्रथिन आहे, पण १०० ग्रॅममागे साडेपाचशेहून जास्त कॅलरीही आहेत, आणि आपल्याकडे कूट चमच्यानं नव्हे, मुठीनं पडतो. उपवासाचं ताट तर या पेशंटसाठी सर्वांत वाईट: साबुदाणा, बटाटा, वर तूप. चतुर्थी, एकादशी, सोमवार, त्यात श्रावण, असे धरणाऱ्या बाईनं डॉक्टरांना हे आपणहून सांगायला हवं, कारण डॉक्टर विचारतीलच असं नाही.

प्रथिनाबरोबर स्नायूंना कामही हवं. नुसतं चालणं पुरत नाही. खुर्चीतून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणं, भिंतीला हात टेकून दंड काढणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, यानं स्नायूंना टिकण्याचं कारण मिळतं.

चौकट: वर्षानंतरचं वजन उतरणं, डॉक्टरांकडे लगेच कधी?

• वजन आधी थांबलं होतं आणि आता कारणाशिवाय पुन्हा वेगानं उतरू लागलं आहे.
• आठवड्यातून अनेकदा उलटी होते किंवा घास अडकतो.
• पायांवर सूज येते, केस पुन्हा गळू लागले आहेत. रक्तातलं प्रथिन घटल्याची ही खूण असू शकते. सुजेच्या पाण्यामुळे काटा मात्र 'वजन थांबलं' असं सांगतो.
• हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा.
• पोटात अचानक तीव्र कळ, विशेषतः बायपास झालेल्यांना. आतडं आत अडकल्याची शक्यता असते. ही वाट पाहण्याची गोष्ट नाही.
• खोकला, संध्याकाळचा ताप, भूक मेलेली. ऑपरेशन झालेल्या माणसालाही क्षयरोग होतो, थायरॉइडचा विकार होतो.

शेवटच्या मुद्द्यामुळेच सुरुवातीची ती गावाकडची चौकशी मला अगदी टाकाऊ वाटत नाही. "ऑपरेशन झालंय ना, मग उतरणारच" असं म्हणून दुसरं दुखणं महिनोन्‌महिने झाकलं जाऊ शकतं.

उशिरा येणाऱ्या तक्रारी

काही त्रास पहिल्या वर्षी दिसतच नाहीत. बी-१२ जीवनसत्त्व शोषायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं, आणि ऑपरेशननंतर ते कमी पडतं. पण यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो संपायला काही वर्षं लागू शकतात. म्हणजे नेमकं सगळं छान चाललंय असं वाटून गोळ्या बंद होतात, तेव्हा साठा तळाला गेलेला असतो. शाकाहारी माणसाचा तो मुळातच कमी. लोह आणि कॅल्शियम यांचंही तसंच. बायपासमध्ये ज्या भागातून ती शोषली जातात तोच भाग वळसा घालून टाळलेला असतो.

दुसरा पाहुणा म्हणजे साखर खाली जाणं. बायपासनंतर गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरतो, रक्तातली साखर झपाट्यानं चढते, इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांनी साखर गडगडते. घाम, थरथर, अंधारी. हा त्रास बहुधा ऑपरेशननंतर वर्ष उलटल्यावर सुरू होतो, म्हणून त्याचा संबंध कुणी ऑपरेशनशी जोडत नाही. उलट अशा वेळी गोडच तोंडात घातलं जातं आणि चक्र पुन्हा फिरतं. सहकारी साखर कारखानदारी जिथे प्रवरानगरला १९५० साली उभी राहिली, त्या जिल्ह्यात उसाचा रस टाळा म्हणणं जिवावर येतं. पण ग्लासभर रस या पेशंटसाठी खरोखर वाईट आहे.

साखर उतरली की काय होतं ते राहुरीकरांनी पाहिलं आहे. ७ डिसेंबर २०१८ रोजी महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात राष्ट्रगीताच्या वेळी गडकरी व्यासपीठावरच कोसळले. साखर कमी झाल्यामुळे भोवळ आल्याचं नंतर त्यांनीच कळवलं. त्या भोवळीचं खापर सात वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनवर फोडायला काहीही आधार नाही. त्यांना मधुमेह आहे, आणि मधुमेहाची औषधं, लांबलेलं जेवण, अंगावरचा समारंभाचा झगा, यांपैकी काहीही कुणालाही भोवळ आणायला पुरतं. मुद्दा इतकाच, की ज्याचं वजन बरंच उतरलं आहे, त्याची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं जुन्या वजनाच्या मापानं चालू राहू नयेत.

तिसरी गोष्ट घरात उघड बोलली जात नाही. बायपासनंतर दारू फार वेगानं चढते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दारूच्या विकाराचं प्रमाण ऑपरेशनआधी ७.६ टक्के होतं, पहिल्या वर्षी जवळपास तेवढंच राहिलं आणि दुसऱ्या वर्षी ९.६ वर गेलं.

बायकांसाठी आणखी एक. वजन उतरताना पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. तूट चालू असलेल्या शरीरात बाळाला पुरेसं मिळत नाही. "वर्ष झालं, आता मनावर घ्या" म्हणणाऱ्या सासूबाईंना वजन स्थिर होईपर्यंत थांबवावं लागतं.

पुढची दहा वर्षं

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या २०१० जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं आणि दहा वर्षांनी २५ टक्क्यांनी कमी उरलं होतं. म्हणजे थोडं परत आलं, बहुतेक उतरलेलंच राहिलं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर चार-पाच किलो वाढले म्हणून ऑपरेशन फसलं असं नाही. पंधरा-वीस वाढले तर मात्र शोध घ्यावा: दिवसभर चिवडा-बिस्किटं खात तोंड चालू आहे का, गोड पेयं आली का, झोप गेली का. गरज पडली तर जीएलपी-१ च्या इंजेक्शनांची जोडही दिली जाते.

एक अडचण अंतराची आहे. ऑपरेशन पुण्या-मुंबईत होतं आणि पेशंट अकोले, पाथर्डी, जामखेडला परततो. पहिल्या वर्षी तो तपासणीला जातो, दुसऱ्या वर्षी भाडं आणि मोडणारा दिवस मोजतो. पण हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, अल्ब्युमिन या तपासण्यांचे नमुने तालुक्याच्या लॅबमध्येही देता येतात. वर्षातून एकदा, आयुष्यभर. रिपोर्टचा फोटो सर्जनला पाठवता येतो. आणि ऑपरेशनचं नाव लिहिलेला डिस्चार्जचा कागद पाकिटात ठेवावा. गुडघा दुखतो म्हणून गावातल्या दवाखान्यात गेलं, की डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी सहज लिहून मिळते. बायपास झालेल्या पोटात या गोळ्या जोडाच्या जागी अल्सर पाडू शकतात, आणि कागद दाखवला तर तोच डॉक्टर पॅरासिटामॉल देईल.